सहा मुले की सहा मुलगे?

डार्विनचा १८६८ साली प्रसिद्ध झालेला एक द्विखंडी ग्रंथ आहे. पाळीव प्राणी आणि लागवडीखालच्या वनस्पती यांच्यात पिढ्यान्‌पिढ्या बदल कसे होत जातात, हा त्याचा विषय. साहित्याच्या विद्यार्थ्याने तो वाचावा असे सहसा कोणी सुचवत नाही, आणि मीही तो अथपासून इतिपर्यंत वाचल्याचा दावा करणार नाही. पण त्यातल्या दोन जागा पाठचिकित्सा शिकवताना मला फार उपयोगी पडतात. बाराव्या प्रकरणात डार्विन लॅम्बर्ट नावाच्या एका इंग्रज माणसाचा उल्लेख करतो. त्याच्या अंगभर चामखिळीसारखे उंचवटे होते आणि ते ठरावीक काळाने गळून पडत. या माणसाच्या सहाही मुलांची आणि दोन नातवांची त्वचा अशीच होती, असे डार्विन तिथे नोंदवतो. पुढे चौदाव्या प्रकरणात हेच घराणे पुन्हा भेटते. या खेपेला विधान येते ते असे, की ही शिंगासारखी वाढ बापाकडून केवळ मुलग्यांकडे आणि नातवांकडे गेली.

‘मुले’ आणि ‘मुलगे’ या दोन शब्दांत काय अंतर आहे, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. पहिल्या शब्दात मुली असू शकतात; दुसऱ्यात त्यांना जागाच नाही. एकाच लेखकाच्या एकाच ग्रंथात, दोन प्रकरणांच्या अंतराने, हा पाठभेद घडला आहे. डार्विनसारख्या सावध माणसाच्या हातून तो घडावा याचे कारण सरळ आहे. हे घराणे त्याने स्वतः पाहिलेले नव्हते. त्याच्यापर्यंत ते पोथ्यांवरून पोथ्या उतरवल्या जाव्यात तसे उतरत आले होते.

मूळ प्रत १७३१ सालची आहे. इंग्लंडच्या सफोक परगण्यातल्या यूस्टन या गावाकडचा एक मोलमजुरी करणारा माणूस आपल्या चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन लंडनला आला. मुलाचे नाव एडवर्ड. रॉयल सोसायटीचा तेव्हाचा चिटणीस जॉन मॅचिन याने त्याला पाहिले आणि संस्थेच्या नियतकालिकात त्याचे वर्णन छापले. (वर्तुळाच्या परिघाचे व्यासाशी असलेले गुणोत्तर शंभर दशांशस्थळांपर्यंत काढणारा मॅचिन तो हाच. अशा माणसाने एखाद्या पोराच्या कातडीचे वर्णन करायला बसावे, हे त्या शतकातच शक्य होते.) वर्णन नेमके आणि अलंकाररहित आहे. चेहरा, तळहात आणि तळपाय सोडले तर मुलाचे सारे अंग काळपट, जाड आवरणाखाली झाकलेले. जणू झाडाच्या खडबडीत सालीचा अंगाबरोबर बेतलेला अंगरखाच. हे आवरण दर वर्षी शरद ऋतूत झडून जाई आणि पुन्हा नवे येई. जन्मताना मात्र मूल इतर मुलांसारखेच होते. सात-आठ आठवड्यांनी त्वचा पिवळी पडू लागली, मग काळी झाली, मग जाड. बापाला आणखी बरीच मुले होती. त्यांच्यापैकी कोणालाही हा विकार नव्हता.

या टिपणातले एक वाक्य मला अजून थांबवते. गरोदरपणी आपण कशाला भ्यायल्याचे आईला आठवत नाही, अशी नोंद मॅचिन करतो. ही नोंद त्याला का करावी लागली? कारण हा प्रश्न तेव्हा कोणीही विचारलाच असता. गर्भवतीने जे पाहिले, ज्याची धास्ती घेतली, ते गर्भाच्या अंगावर उमटते अशी समजूत होती, आणि ती केवळ अडाण्यांची नव्हती. पाचच वर्षांपूर्वी, १७२६ साली, मेरी टॉफ्ट नावाच्या बाईने आपल्या पोटी ससे जन्मल्याची बतावणी केली होती. गरोदरपणी शेतात दिसलेल्या सशाचा ध्यास घेतल्याने असे झाले, हा तिचा खुलासा काही नामांकित वैद्यांनीही मान्य केला होता. आपल्याकडे ग्रहणात गर्भवतीने सुरी हातात धरू नये, नाहीतर मूल फाटक्या ओठाचे जन्मते, असे सांगणाऱ्या आज्या आमच्या पिढीने पाहिल्या आहेत. सांगायचा मुद्दा एवढाच, की लॅम्बर्ट प्रकरणाच्या पहिल्याच कागदावर बाई आहे, पण ती आरोपी म्हणून. साक्ष घेतली, निर्दोष ठरली, आणि कागदावरून निघून गेली.

चोवीस वर्षांनी, १७५५ साली, दुसरी प्रत तयार झाली. हेन्री बेकर हा सूक्ष्मदर्शकावर लोकप्रिय पुस्तके लिहिणारा निसर्ग-अभ्यासक. साहित्याच्या लोकांना त्याची वेगळी ओळख द्यायची तर तो ‘रॉबिन्सन क्रूसो’च्या कर्त्याचा, म्हणजे डॅनियल डिफोचा, जावई. त्याने चाळिशीला आलेला एडवर्ड पाहिला. एव्हाना एडवर्ड ‘साळिंदर-माणूस’ या नावाने लंडनमध्ये पैसे घेऊन स्वतःला दाखवत होता. बेकरने त्याच्या अंगावरून हात फिरवला आणि कानावर आलेला आवाज लिहून ठेवला: दाट उभे, ताठ, लवचीक उंचवटे हाताखाली सळसळत होते. कपडे घालून हात झाकले तर हा देखणा, बांधेसूद, तांबूस चेहऱ्याचा गृहस्थ इतरांहून काही निराळा आहे असे कोणाला वाटणारही नाही, असेही तो लिहितो. एडवर्डला देवी येऊन गेल्या होत्या, आणि बरे होण्याच्या आशेने त्याने दोनदा लाळ सुटेपर्यंत पाराही घेतला होता. तेवढ्यापुरती कातडी गळून स्वच्छ त्वचा दिसली, आणि पुन्हा सगळे पहिल्यासारखे झाले. पारा म्हणजे विष. ते दोनदा घेणाऱ्या माणसाला आपले अंग हे केवळ पोटापाण्याचे साधन वाटत नव्हते, एवढे त्या कोरड्या वाक्यातून कळते.

याच टिपणात ती सहा मुले येतात. एडवर्डला सहा मुले झाली, सहाही जणांची त्वचा बापासारखी होती, आणि त्यांपैकी आता एक आठ वर्षांचा मुलगा तेवढा हयात आहे. बेकरने वापरलेल्या इंग्रजी शब्दातून मुलगा की मुलगी हे कळत नाही. आपल्या ‘मुले’सारखाच तो शब्द आहे. जी पाच गेली त्यांचा त्याहून अधिक पत्ता त्या टिपणात लागत नाही. ज्या घरात सहातली पाच लेकरे दगावली, त्या घरातल्या आईविषयीही तिथे काही नाही. बेकरचे लक्ष वेगळ्याच ठिकाणी गेले होते. या माणसापासून अशा खडबडीत आवरणाच्या माणसांची एक जातच निर्माण होऊ शकेल, आणि पुढे मूळ कारण विसरले गेले तर ती मानवाची निराळीच जात समजली जाईल, असा त्याचा तर्क होता. त्वचेच्या रंगावरून माणसांच्या जाती लावण्याचा उद्योग युरोपात भरात येत असताना केलेला हा तर्क धाडसी होता, हे मान्य केले पाहिजे. पण त्याने एक गोष्ट केली. एका माणसाच्या व्याधीला त्याने वंशाचे रूप दिले, आणि वंश म्हटला की तो पुरुषापासून सुरू होतो.

तसे ते अपरिहार्य होते असेही नाही. बेकरच्या टिपणाच्या तीन-चार वर्षे आधीच बर्लिनमध्ये मोपर्ट्युइसने सहा बोटे असणाऱ्या एका कुटुंबाचा शोध घेतला होता आणि हे वैशिष्ट्य आजीकडून आईकडे, आईकडून मुलाकडे, मुलाकडून त्याच्या मुलांकडे गेल्याचे दाखवले होते. बोटे मोजताना त्याने बायकांचीही मोजली. एवढेच केले, पण त्यामुळे वारसा दोन्ही पालकांकडून येतो हे त्याच्या हाती लागले.

लॅम्बर्टांच्या बाबतीत तिसरी प्रत जर्मनीत तयार झाली. एडवर्डचे नातू जॉन आणि रिचर्ड हे दोघे भाऊ युरोपभर स्वतःला दाखवत हिंडत होते. १८०२ साली टिलेसियसने त्यांच्यावर आकृत्यांसह एक स्वतंत्र पुस्तक काढले. आता घराण्याला कीर्ती आली होती, आणि कीर्तीबरोबर जाहिरात. जत्रेत पैसे देऊन आत येणाऱ्याला ‘हा एक आजारी माणूस आहे’ यापेक्षा ‘हा साळिंदर-माणसांचा प्राचीन वंश आहे’ हे ऐकायला अधिक आवडते. पिढ्या जितक्या जास्त, तितका तमाशा भारी. १७३१ मध्ये ज्या बापाने मुलाला लंडनला आणले त्याला हा विकार असल्याचे मॅचिन कुठेही म्हणत नाही. एडवर्ड हा घराण्यातला पहिलाच. पण पुढच्या सांगण्यात पिढ्या दोन्ही टोकांनी वाढत गेल्या. आणि जे रंगमंचावर दिसत होते ते सगळे पुरुष होते. मुलींना असे उघडे करून जत्रेत उभे करणे त्या घराला रुचले नसेल, असा माझा तर्क. पुरावा म्हणून तो कोणी घेऊ नये.

इथून पुढे एकोणिसाव्या शतकातले शरीरशास्त्रज्ञ, वंशशास्त्रज्ञ, आनुवंशिकतेवर लिहिणारे फ्रेंच डॉक्टर, या सर्वांनी लॅम्बर्ट घराणे एकमेकांच्या पुस्तकांतून उचलले. डार्विन हा त्या साखळीतला एक दुवा. पाठचिकित्सेत आपण शिकवतो की एका पोथीवरून उतरलेल्या वीस पोथ्या म्हणजे वीस साक्षी नव्हेत, ती एकच साक्ष. ‘मक्षिकास्थाने मक्षिका’ मारणारा लेखनिक तर परवडला. तो निदान काही बदलत नाही. धोका असतो तो अर्थ समजून लिहिणाऱ्या लेखनिकाचा, कारण संदिग्ध शब्द दिसला की तो आपल्या समजुतीप्रमाणे तो दुरुस्त करतो.

विसाव्या शतकात या दुरुस्तीला शास्त्राची प्रतिष्ठा मिळाली. १९०५ साली नेटी स्टीव्हन्स या अमेरिकन संशोधिकेने पिठातल्या किड्यांच्या पेशी तपासून नर आणि मादी यांच्या गुणसूत्रांतला फरक दाखवला. पुढे माणसातही नराकडे असणारे वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडेच जाते हे स्पष्ट झाले. मग साहजिकच प्रश्न आला, की या गुणसूत्रावर बसून जाणारा एखादा विकार आहे का? तो असेल तर बाधित बापाचे सगळे मुलगे बाधित होतील आणि मुलगी एकही होणार नाही. उदाहरण तर तयारच होते. ई. ए. कॉकेन यांच्या १९३३ सालच्या त्वचेच्या आनुवंशिक विकारांवरील मोठ्या ग्रंथात लॅम्बर्ट घराणे त्या रूपात स्थिरावले, आणि मग वंशावळीचा तो तक्ता पाठ्यपुस्तकांतून विद्यार्थ्यांपुढे येत राहिला. वरपासून खालपर्यंत फक्त काळे चौकोन. वंशावळीच्या आकृतीत पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढण्याचा प्रघात आहे. या आकृतीत वर्तुळांचे काही काम नव्हते.

हा तक्ता खाली ओढणारे दोघे जण होते. कुर्ट स्टर्न हे १९३३ मध्ये जर्मनीतून अमेरिकेत येऊन राहिलेले आनुवंशशास्त्रज्ञ. माणसात वाय गुणसूत्राने विकार जातात या समजुतीला आधार काय, हा प्रश्न त्यांनी १९५७ साली उघडपणे मांडला. लायोनेल पेनरोझ हे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गॉल्टनच्या नावाच्या अध्यासनावर होते. सुप्रजननवादाच्या नावाने निघणारे तिथले नियतकालिक ‘मानवी आनुवंशशास्त्र’ या नावाने निघू लागले ते त्यांच्या कारकिर्दीत, १९५४ साली. माणसांना चांगल्या आणि वाईट बीजांत वाटून टाकण्याची त्यांना चीड होती. १९५८ साली दोघांनी मिळून लॅम्बर्ट वंशावळीची फेरतपासणी त्याच नियतकालिकात प्रसिद्ध केली. वाचताना वाटते, हा जीवशास्त्राचा निबंध नव्हे, हे वि. का. राजवाड्यांच्या जातीचे काम आहे. प्रयोगशाळा नाही, रक्ताचा थेंब नाही. चर्चच्या नोंदवह्यांतले बाप्तिस्मे, लग्ने आणि दफने. जुनी टिपणे, जाहिरातींची पत्रके. कोणी कोणावरून उतरवले याचा माग. त्यातून दिसले ते असे. सुरुवातीच्या आणि शेवटच्या ज्या पिढ्या वंशावळीला चिकटवल्या होत्या त्यांना आधार नव्हता. बाधित पुरुषाचा प्रत्येक मुलगा बाधित नव्हता. आणि मुलींनाही हा विकार झाला असावा असे सांगणारा पुरावा होता. म्हणजे वाय गुणसूत्राचा काही संबंध नव्हता. आईकडून किंवा बापाकडून, मुलग्याला किंवा मुलीला, निम्म्या शक्यतेने जाणारा हा साधा प्रभावी विकार होता, आणि तो एडवर्डमध्ये नव्याने उद्भवला होता. दोनशे वर्षे ज्यावर सिद्धान्त उभा होता तो एका शब्दाचा पाठ होता.

(वाय गुणसूत्राचा मोह मात्र सुटला नाही. पुढचे उदाहरण म्हणून दक्षिण भारतातील पुरुषांच्या कानांच्या कडेवरचे केस पुढे आले. द्रोणमराजू यांनी १९६० मध्ये त्यांच्या वंशावळी मांडल्या, स्वतः स्टर्न यांनीही त्या विषयात लक्ष घातले. २००४ साली रेणूंच्या पातळीवरील तपासणीत तोही दावा टिकला नाही.)

आता डार्विनच्याच त्या ग्रंथाकडे पुन्हा येऊ. १८७५ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. केस आणि दात यांच्यातील संबंधाची चर्चा करताना त्याने तिच्यात सिंधमधून कळवली गेलेली एक हकीकत दिली आहे. सिंध तेव्हा मुंबई इलाख्याचा भाग होता. १९३६ पर्यंत तो तसा राहिला. तिथल्या एका हिंदू घराण्यात चार पिढ्यांत मिळून दहा पुरुष असे झाले, की दोन्ही जबड्यांत मिळून त्यांना चार लहान, अशक्त पुढचे दात आणि आठ दाढा तेवढ्या होत्या. अंगावर केस अगदी थोडे, टक्कल लवकर, आणि उन्हाळ्यात त्वचा कोरडी पडून होणारे हाल. आज आपण सांगू शकतो की त्यांच्या त्वचेत घामाच्या ग्रंथी जवळजवळ नव्हत्या. घाम न येणाऱ्या माणसाने सिंधचा उन्हाळा काढायचा म्हणजे काय, याची कल्पना करावी. हैदराबादच्या घरांच्या छपरांवर वारा पकडून खाली खोलीत उतरवणारे मंघ असत. धडधाकट माणसांचीही ती गरज होती. या माणसाला अंगावर ओले फडके घेऊन बसण्यावाचून दुसरा उपाय नाही, आणि तापलेल्या लहान मुलाच्या बाबतीत तर तो जिवाचाच प्रश्न. के. आय. थडानी यांनी १९२१ मध्ये सिंधमधल्या अशा दात नसलेल्या माणसांवर लिहिले तेव्हा आनुवंशशास्त्राच्या जगाला ते पुन्हा परिचित झाले.

डार्विनच्या नोंदीतला महत्त्वाचा भाग शेवटी येतो. या घराण्यात मुलगी कधीच बाधित झालेली नाही. पण मुलींच्या पोटी होणाऱ्या मुलग्यांकडे हा विकार जातो. आणि बाधित पुरुषाने तो आपल्या मुलाला दिल्याचे एकही उदाहरण नाही. गुणसूत्र हा शब्दही जन्माला आला नव्हता त्या काळात एक्स गुणसूत्राच्या वारशाचे इतके स्वच्छ वर्णन झाले, कारण हकीकत कळवणाऱ्याने मुली कोणत्या घरी दिल्या आणि त्यांना काय झाले हेही विचारले. आमच्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत माझ्याकडे आहे. त्यात माझ्या पणजोबांच्या नावाखाली तीन मुलगे नावानिशी आहेत आणि पुढे ‘चार कन्या’ एवढेच. त्या चौघींची मुले-नातवंडे त्या ग्रंथाच्या दृष्टीने दुसऱ्या कोणाच्या तरी ग्रंथात असायची. सिंधमधल्या त्या घराण्याचा वृत्तांत आपल्या पद्धतीने लिहिला असता तर दर दुसऱ्या पिढीत विकार कुठून उगवतो ते कोणालाही कळले नसते. आणि तरीही स्थळ पाहताना ‘घरात कोणाला काही आहे का’ हा प्रश्न मुलीच्याच घरी अधिक कसोशीने विचारला जातो, यातली विसंगती मला नेहमी चकित करते.

पण या निर्दोष वाटणाऱ्या नोंदीतही एक चूक होती. मुली बाधित होत नाहीत, हे खरे नव्हते. त्यांच्याकडे निरखून कोणी पाहिलेले नव्हते. १९०१ मध्ये ब्लाश्को या बर्लिनच्या त्वचारोगतज्ज्ञाने त्वचेवर उमटणाऱ्या काही विकारांचे पट्टे ठरावीक रेषांतच येतात हे दाखवले होते. १९६१ मध्ये मेरी लायन यांनी त्याचे एक मूलभूत कारण सुचवले: स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोनपैकी एक एक्स गुणसूत्र निद्रिस्त असते, आणि कोणते ते पेशीगणिक वेगळे. म्हणून या विकाराच्या वाहक स्त्रीच्या पाठीला आयोडीन लावून वर पिष्ठाची भुकटी टाकली, की जिथे घाम येतो तिथे रंग काळा होतो आणि जिथे येत नाही तिथे पांढऱ्या रेषा उरतात, पाठीच्या मध्यावर खाली उतरणाऱ्या. एखादा दात नसतो, एखादा टोकदार असतो. सिंधमधल्या त्या मुलींच्या अंगावर सारे काही लिहिलेले होते. ती लिपी लावायला शंभर वर्षे लागली.

विकाराचे जनुक १९९६ साली सापडले. २०१८ मध्ये जर्मनीतल्या एर्लांगेन येथील डॉक्टरांनी तीन मुलग्यांवर जन्मापूर्वी केलेल्या उपचाराचा वृत्तांत प्रसिद्ध केला. त्यांपैकी दोघे जुळे होते. सोनोग्राफीत गर्भाच्या जबड्यातले दातांचे अंकुर मोजून निदान झाले, आणि ते जनुक जे प्रथिन तयार करू शकत नव्हते ते गर्भजलात सोडण्यात आले. जुळ्यांच्या आईला आधी याच विकाराचा एक मुलगा झालेला होता; आपण वाहक आहोत हे तिला ठाऊक होते, म्हणून डॉक्टरांना गर्भाकडे वेळेवर पाहता आले. तिन्ही मुलांना घाम येतो.